सुट्टींतील फळांचें तबक आणि नासवलेलें दूध

यंदा मे महिन्याच्या सुट्टींत आमच्या घरीं लहानमोठीं १३ माणसें जमलीं होतीं. त्यांत धाकट्या मुलाची मुलगी परदेशाहून आलेली. एके दुपारीं ती म्हणाली, "आजोबा, आपण फळांचें आणि चीजचें तबक करूं या का? आमच्याकडे सुट्टींत असें तबक मध्यें ठेवून सगळे भोंवतीं बसून खातात." मुलांनीं ही कल्पना तत्काळ उचलून धरली. परंतु माझ्या ८२ वर्षांच्या वहिनी माजघरांतूनच बोलल्या, "भावोजी, दुधाचें नासवण आणि आंबट फळें एका ताटांत? मी तेथें बसणारसुद्धां नाहीं." घरांत सर्वांत वडील त्याच. त्या उठून गेल्या कीं पंगत मोडली. तेव्हां हा प्रश्न केवळ खाऊचा राहिला नाहीं.

वहिनींचें म्हणणें निराधार आहे असें कोणीं समजूं नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत विरुद्धाहाराचा विचार आला आहे. दुधाबरोबर वर्ज्य म्हणून तेथें जीं आंबट फळें सांगितलीं आहेत, त्यांत आंबा, करवंद, जांभूळ, फणस व केळें हीं नांवानिशीं येतात; म्हणजे आमच्या मे महिन्याचें अवघें भांडारच! आमरसांत दूध घालून खाणाऱ्या पुष्कळ वाचकांस हें वाचून हंसूं येईल, तें येवो. पिकलेला गोड आंबा निराळा, असें वैद्यमंडळी सांगतात, आणि तेवढ्या आधारावर आम्ही आजवर निभावून नेलें आहे.

नासवणाची गोष्ट मात्र वेगळी. दूध नासणें हा शब्दच आपल्याकडे अपशकुनाचा. तथापि चातुर्मास्यांतील वैश्वदेवपर्वांत तापलेल्या दुधांत दहीं घालून तें मुद्दाम फाडतात. जो घट्ट भाग होतो ती आमिक्षा, ती विश्वेदेवांची. जें पाणी उरतें तें वाजिन. तें वाजी नांवाच्या देवतांचें. दहीं घालण्याचा हा खटाटोप आमिक्षेसाठीं कीं वाजिनासाठीं, यावर मीमांसकांनीं वाद घातला आणि आमिक्षेसाठीं असा निर्णय दिला; वाजिन आपलें ओघानें मिळतें. पुढें इ. स. ११३० च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा यानें रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, दूध आंबटानें फाडून, फडक्यांत गाळून केलेल्या गोड पक्वान्नाची कृति आहे. हें सर्व मीं वहिनींना सविस्तर सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "देवांना चालतें म्हणून मला पचेल असें थोडेंच आहे!" यावर मीमांसेंत उत्तर नाहीं.

माझी स्वतःची अडचण निराळीच होती. युरोपांत पुष्कळसें चीज परंपरेनें दूध पिणाऱ्या वासराच्या जठरांतील रसानें विरजतात. आतां सूक्ष्मजीवांपासून काढलेलें विरजणही सर्रास वापरतात. आपल्याकडील वेष्टनावर शाकाहाराचें हिरवें चिन्ह असतें. नातीनें हौसेनें आणलेल्या वडीवर यांतलें कांहींच लिहिलेलें नव्हतें. "ही वडी या घरांत नको," असें मी म्हणालों. पोर बोलली नाहीं, पण तिचें तोंड उतरलें. सात समुद्रांपलीकडून जपून आणलेली वस्तु मीं दोन शब्दांत परत पाठविली, याची रुखरुख मला रात्रभर लागली.

सकाळीं तिला हांक मारून दोघांनीं घरींच पनीर करावयास घेतलें. म्हशीचें २ लिटर दूध उकळून विस्तव बंद केला, मिनिटभर थांबून दोन लिंबांचा रस तितक्याच पाण्यांत कालवून थोडा थोडा घातला. निवळ हिरवट पाणी सुटलें कीं हात आंवरावा. अधिक आंबट पडल्यास पनीर चिवट होतें. तलम फडक्यांत गाळून वर गार पाणी घालावें, म्हणजे लिंबाचा वास जातो. मग पुरचुंडी पाटाखालीं तासभर दाबून ठेवावी. आम्हांस सुमारें ४०० ग्रॅम वडी मिळाली. तिचे फांसे करून त्यांवर मीठ, मिरपूड व भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली.

तबक पितळेचें नको. आंबट फळें त्यांत कळकतात. आम्हीं मोठ्या स्टीलच्या परातींत केळीचें पान घातलें. कलिंगडाच्या लाल फोडी, हापुसाच्या केशरी, चिकूच्या तपकिरी, मध्यें करवंदांचा काळा ढीग व महिनाअखेरीस आलेलीं पहिलीं जांभळें, कडेला पांढरेशुभ्र ताडगोळे. ताडगोळे अगदीं शेवटीं सोलावे. केळ्यांच्या चकत्यांना लिंबू चोळल्यास त्या काळ्या पडत नाहींत. फणसाचे गरे आम्हीं मुद्दाम दूर ठेवले. त्यांचा घमघमाट पनीरांत शिरतो. उन्हाळ्यांत चिरलेलीं फळें फार वेळ उघडीं राहूं देऊं नयेत, हें सांगावयास नकोच.

चवीविषयीं माझें मत विचाराल तर कलिंगड, पनीर आणि पुदिन्याचें पान यांची जोडी सर्वांत सरस. चिकूशीं पनीर जमत नाहीं. जांभळाशीं तर मुळींच नाहीं.

पनीर मात्र परातींत ठेवलें नाहीं. नातीनें तें आपण होऊन वेगळ्या वाडग्यांत काढलें आणि वाडगा दूर चौरंगावर ठेवला. "मोठी आजी, आतां बसशील?" असें तिनें विचारलें. वहिनी आल्या, करवंदांपाशीं बसल्या, आणि करवंद फोडून आंत लाल निघाला तर कोंबडा, पांढरी निघाली तर कोंबडी, हा खेळ तिला शिकवूं लागल्या. चौरंगाकडे त्यांनीं पाहिलें नाहीं, पण उठूनही गेल्या नाहींत.

सायंकाळीं मी उरलेलें पाणी मोरींत ओतूं लागलों, तों मागून आवाज आला, "भावोजी, तें टाकूं नका. उद्यां थालीपिठाचें पीठ त्यांत भिजवीन."

"वहिनी, तें नासवणाचेंच पाणी आहे," मी म्हणालों.

"असेना. पाण्यांत काय दोष? आणि या पोरीला थापटायला शिकवायचें आहे."