गाडीचे थकलेले चलन आणि कोर्टाचे वॉरंट : व्यापाऱ्यांनी काय करावे?

खेड्यापाड्यात कापडाचा धंदा करणाऱ्याला टेंपोशिवाय गत्यंतर नाही. करकंबहून पंढरपूरचा बाजार असो, टेंभुर्णीवरून महामार्गाने सोलापूरला चादर-टॉवेलची खरेदी असो, की इचलकरंजीचा फेरा असो, गाडी रस्त्यावर असते आणि चालवणारा बहुधा नोकर किंवा घरातला मुलगा असतो. पूर्वी पोलीस गाडी अडवून जागेवरच पावती फाडत असत, म्हणून मालकाला दंड झाल्याचे कळत असे. ई-चलन २०१६ मध्ये मुंबईत आणि २०१९ मध्ये राज्यभर सुरू झाले, तेव्हापासून कॅमेरा गाडीच्या नंबरचा फोटो घेतो आणि चलन थेट नोंदणीकृत मालकाच्या नावावर चढते. मोबाइल नंबर जुना असेल तर मालकाला पत्ताही लागत नाही. पुढे एखाद्या दिवशी पोलीस ठाण्याचा शिपाई कागद घेऊन दुकानात येतो, गिऱ्हाईक बघत असते आणि व्यापाऱ्याची इज्जत जाते. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

तीन कागद, तीन पायऱ्या

चलन, समन्स आणि वॉरंट हे तीन वेगवेगळे कागद आहेत. आपले व्यापारी बांधव यांची गल्लत करतात. काहीजण साध्या चलनाला घाबरतात, तर काहीजण वॉरंट आले तरी बेफिकीर राहतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

चलन म्हणजे पोलिसांनी नोंदवलेला गुन्हा आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे तडजोडीचा दंड भरून तो मिटवण्याची संधी. नुसत्या चलनावर कोणाला अटक होत नाही. दंड भरला नाही तर पोलीस प्रकरण कोर्टात पाठवू शकतात. कोर्टाने दखल घेतली की समन्स निघते. समन्स मिळूनही माणूस हजर झाला नाही, तर वॉरंट निघू शकते. म्हणजे अटकेची वेळ मूळ दंडामुळे येत नाही, कोर्टाचा हुकूम न पाळल्यामुळे येते.

चलन असेपर्यंत

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबर टाकला की थकबाकी दिसते. तेथील फोटो, जागा आणि वेळ नीट पाहावी. नंबर दुसऱ्याच गाडीचा असेल तर पैसे भरू नयेत, तक्रार नोंदवावी. दंड योग्य असेल तर भरून पावती फाइलला लावावी.

राष्ट्रीय लोकअदालतीचाही मार्ग आहे. वर्षातून काही वेळा ती तालुका पातळीपर्यंत भरते आणि थकलेल्या चलनांच्या नोटिसा मोबाइलवर येतात. तेथे झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. मात्र सूट मिळेलच या आशेवर चलने साठवू नयेत. दारू पिऊन गाडी चालवण्यासारखे गुन्हे तडजोडीत बसत नाहीत.

येथे एक इशारा. ‘तुमचे चलन बाकी आहे’ असा व्हॉट्सॲप संदेश आणि सोबत ॲपची फाइल आली तर ती उघडू नये. अशा फाइलींमधून बँक खाती रिकामी केली जातात.

मुदतीचा प्रश्न

फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत आणि एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याची एक वर्षात घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ सांगते. जुन्या फौजदारी संहितेत हेच कलम ४६८ होते. यावरून ‘सहा महिने गेले, चलन मेले’ असे काहीजण सांगतात. पण योग्य कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. शिवाय ही मुदत दखल घेण्यापुरती आहे. खटला वेळेत दाखल झाला असेल तर तिचा काही उपयोग नाही. मुदतीचा मुद्दा वकिलामार्फत कोर्टापुढे मांडावा, आपणच निकाल लावून घरी बसू नये.

समन्स आल्यावर

समन्स कोणत्या कोर्टाचे आहे ते आधी पाहावे. गुन्हा जेथे घडला तेथील कोर्टात प्रकरण चालते. त्यामुळे गाडी करकंबची असली तरी पुण्यातल्या सिग्नलचे समन्स पुण्याच्या कोर्टाचे असणार. कायद्याच्या कलम २०८ मध्ये एक चांगली सोय आहे. फक्त दंडाचा गुन्हा असेल तर समन्सवर दोन पर्याय लिहिलेले असतात : स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहणे, अथवा ठरलेल्या तारखेच्या आत गुन्हा कबूल करून लिहिलेली रक्कम मनीऑर्डरने पाठवणे. रक्कम अशी भरली की त्या गुन्ह्याबाबत पुढे कारवाई होत नाही. नागपूर जिल्ह्यात काटोल येथे २०२० साली वाहतूक चलनांसाठी आभासी न्यायालयही सुरू झाले. अशा न्यायालयाची नोटीस आल्यास दंड ऑनलाइन भरता येतो.

वॉरंट निघालेच तर

लक्षात ठेवण्याची पहिली गोष्ट ही, की वॉरंट शिळे होत नाही. संहितेच्या कलम ७२ प्रमाणे ते बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत जिवंत राहते, आणि भारतात कोठेही बजावता येते. पोलिसांना ते रद्द करण्याचा अधिकार नाही. कोणा मध्यस्थाच्या हातात पैसे ठेवूनही ते रद्द होत नाही. पैसे जातात आणि वॉरंट राहते.

वॉरंट जामीनपात्र असेल तर त्यावर रक्कम आणि जामीनदारांची संख्या लिहिलेली असते. तेवढा जामीन व हजर राहण्याचा मुचलका दिला की पोलीस सोडतात. पण दिलेली तारीख पाळलीच पाहिजे. वॉरंट अजामीनपात्र असेल तर पोलीस येण्याची वाट न पाहता वकिलाला घेऊन त्याच कोर्टात स्वतः हजर व्हावे आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. पत्ता बदलला होता, आजारपण होते, समन्स मिळालेच नाही, जे खरे कारण असेल ते कागदासह सांगावे. आधार कार्ड, लायसन्स, गाडीची कागदपत्रे, दंड भरला असल्यास पावती आणि शक्यतो जामीनदार सोबत न्यावा. अजामीनपात्र वॉरंट सरसकट काढू नये, आधी समन्स आणि मग जामीनपात्र वॉरंट काढावे, असे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी खटल्यात म्हटले आहे. आपण होऊन आलेल्या माणसाकडे कोर्टही वेगळ्या नजरेने पाहते.

काम झाल्यावर रद्द केल्याच्या हुकुमाची नक्कल घ्यावी व पोलीस ठाण्यात दाखवावी. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तेथे मोफत वकील मिळतो.

पासपोर्ट आणि जुनी गाडी

आपल्याकडे अनेकांचे मुलगे आखाती देशात नोकरीला जातात, वडीलधारी मंडळी हज-उमऱ्याची तयारी करतात. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६ प्रमाणे फौजदारी खटला चालू असेल किंवा समन्स-वॉरंट निघालेले असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मग कोर्टाची परवानगी आणत फिरावे लागते. अर्ज करण्यापूर्वी ई-कोर्ट सेवेच्या ॲपवर आपले नाव तपासून घ्यावे.

दुसरी गफलत जुन्या गाडीची. टेंपो विकला, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदलले नाही, तर नव्या मालकाची चलने जुन्या मालकालाच येतात. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते. नाव बदलल्याचा कागद हाती येईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नये. तसेच अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊ नये. कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

उपाय सोपा आहे. आरटीओत चालू मोबाइल नंबर नोंदवावा. गाडीची एक वही ठेवून कोणत्या तारखेला कोण चालवत होते ते लिहावे, कारण पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव सांगणे कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. महिनाअखेर उधारीचे खाते पाहतो तेव्हाच गाडीचे चलनही पाहावे. ही रक्कम आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही, म्हणजे ती सरळ नफ्यातून जाते. पाचशे रुपयांचे चलन वेळेत भरले तर पाचशेच जातात. तेच कोर्टापर्यंत गेले की वकिलाची फी, गाडीभाडे आणि बंद दुकानाचे दिवस हे सगळे त्याच खात्यात लिहावे लागते.