दीडशे रुपये, वीस वर्षं

मयूर विहार फेज वनहून निळ्या लाइनची मेट्रो धरायची, नोएडात बोटॅनिकल गार्डनला उतरायचं आणि मजेंटा लाइनमध्ये बसायचं. ओखला पक्षी अभयारण्याचं स्टेशन गेलं की गाडी यमुना ओलांडते. मग कालिंदी कुंज, जसोला विहार शाहीन बाग, ओखला विहार, आणि त्यापुढचं स्टेशन जामिया मिल्लिया इस्लामिया. नदीपलीकडच्या शेजाऱ्याकडे जायला मेट्रोने आधी उत्तर प्रदेशात जाऊन परत दिल्लीत यायचं, असा हा द्राविडी प्राणायाम आहे.

आज तिथे उतरणाऱ्याला दिसतं ते मोठं, गजबजलेलं केंद्रीय विद्यापीठ. इंजिनिअरिंग, पत्रकारिता, कायदा, सगळं एकाच रस्त्याच्या दोन्ही अंगांना. या गर्दीच्या पोटात एक लहानसं वसतिगृही विद्यालय दडलेलं आहे. १९३५ ते १९६० या काळातली ही जामिया गरीब होती आणि हट्टीही.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा: असहकाराच्या लाटेत २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढमध्ये स्थापना. गुजरात विद्यापीठ, काशी विद्यापीठ आणि पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ हीही त्याच लाटेतली भावंडं. १९२५ मध्ये बिऱ्हाड दिल्लीला, करोल बागेत. जामियाच्या संस्थापकांपैकी एक हकीम अजमल खान गेले तेव्हा जामिया बंद पडायच्या बेतात होती. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी खजिनदारपद सांभाळलं. १ मार्च १९३५ रोजी ओखला नावाच्या आडबाजूच्या खेड्यात शाळेच्या इमारतीचा पाया घातला गेला. कोनशिला बसवायला ना नवाब बोलावला ना पुढारी. ती बसवली अब्दुल अझीझ या सगळ्यांत धाकट्या विद्यार्थ्याने.

त्या काळातल्या अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या परंपरा अनेकांना सिनेमांतून ठाऊक आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांनी ठरावीक रंगाची टोपी घालायची, वरच्या वर्गाने त्यांची फिरकी घ्यायची, शरद ऋतूत माजी विद्यार्थ्यांनी परत यायचं. जामियाच्या परंपरा वेगळ्या मुशीतल्या होत्या. त्यांतली पहिली आणि सगळ्यांत चिवट परंपरा विद्यार्थ्यांची नव्हतीच, मास्तरांची होती.

१९२८ मध्ये इथल्या शिक्षकांनी एक मंडळ स्थापून शपथ घेतली: वीस वर्षं जामिया सोडायची नाही आणि महिन्याला दीडशे रुपयांहून जास्त पगार घ्यायचा नाही. शपथ घेणाऱ्यांत झाकीर हुसेन होते, बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले. त्यांच्याबरोबर जर्मनीहून परतलेले आबिद हुसेन होते आणि ऑक्सफर्डला शिकून बर्लिनमध्ये छपाईचं तंत्र शिकलेले मुहम्मद मुजीब होते. दीडशे ही वरची मर्यादा. प्रत्यक्षात हातात त्याहून कमी पडे आणि तेही महिनोन्महिने थकलेलं असे. इंग्रज सरकारची मान्यता नाही, त्यामुळे इथली पदवी घेऊन सरकारी नोकरीचं दार ठोठावण्याची सोय नाही. ‘हमदर्दान-ए-जामिया’ या नावाने हितचिंतकांचं जाळं विणून लहान लहान वर्गण्या गोळा केल्या जात. त्यावर चूल पेटायची.

रयत शिक्षण संस्थेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये लावलेलं रोप याच हवेतलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने जसे साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणापायी गेले, तशीच जामियाच्या मास्तरांच्या घरांतली काटकसर वसतिगृहाच्या पायात गाडली गेली.

झाकीर हुसेन यांची एक गोष्ट जामियात अजून सांगितली जाते. मुलं बूट न पुसता येत, सांगून ऐकत नसत. एके दिवशी ते स्वतःच ब्रश आणि पॉलिशची डबी घेऊन फाटकाशी बसले. येईल त्या मुलाचे बूट पुसून द्यायला लागले. दुसऱ्या दिवसापासून बूट चकचकीत! पुढे हेच गृहस्थ राष्ट्रपती झाले, म्हणून ही गोष्ट आज गोड लागते. त्या वेळी ते थकलेल्या पगाराचे एक मास्तर होते आणि पॉलिशची डबीही फुकट येत नव्हती.

परंपरांचं खरं यंत्र मात्र प्राथमिक शाळेत होतं, आणि त्याचा मूळ नकाशा अमेरिकन होता. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘प्रकल्प पद्धती’वर एक निबंध लिहिला. धडा पाठ करण्याऐवजी मुलांनी मनापासून एखादं काम हाती घ्यावं आणि त्या कामातून भाषा, गणित, भूगोल शिकावा, असा त्याचा गाभा. पंजाबातल्या मोगा गावी अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळेत ही पद्धत रुजली होती. जामियाचे शिक्षक अब्दुल गफ्फार मुधोली तिथे जाऊन ती शिकून आले.

मग जामियाच्या मुलांची बँक निघाली, मुलांचं दुकान निघालं, मुलांचं ‘सरकार’सुद्धा आलं. लुटुपुटीचं नव्हे. दुकान चालवायचं तर घाऊक भाव किती, किरकोळ किती, पेन्सिलीमागे नफा किती धरायचा, उधारी कुणाला द्यायची, हे सगळं मुलांच्या डोक्यावर. वही, शाई, पेन्सिल यांची नोंद चुकली की महिनाअखेरीस हिशेब लागायचा नाही. तो लागेपर्यंत बसायचं, हाच गणिताचा तास. बँकेत पैसे ठेवणारा आणि पैसे मोजणारा दोघेही दहा-बारा वर्षांचे. चूक झाली तर ती शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या पैशांत झालेली असायची. लाल शाईच्या शेऱ्यापेक्षा ही शिक्षा जड.

या यंत्राची कीर्ती वर्ध्यापर्यंत गेली. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद भरवली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडे आलं. हीच वर्धा योजना, म्हणजे नयी तालीम. हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफायचं ही कल्पना त्यांना मान्य होती. पण मुलांनी कातलेल्या सुतावर शाळेचा खर्च भागवायचा, या मुद्द्यावर ते अडले. गांधीजींसमोर त्यांनी शंका काढली: उत्पन्नाकडे डोळे लागले की मास्तरांचे मुकादम होतील. समितीच्या अहवालातही हा धोका नोंदवला गेला. स्वतः उपाशी राहून संस्था चालवणाऱ्या माणसाने मुलांच्या टकळीवर संस्था चालवायला नकार दिला, हे लक्षात राहण्याजोगं आहे.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजने दुसरी वाट काढली. तिथे शिकवणीची फी नाही, पण प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम बंधनकारक. ही साताऱ्याच्या ‘कमवा आणि शिका’ची जवळची बहीण. मात्र काम करायचं ते कॉलेजातल्या कमावत्या वयाच्या मुलांनी. बोजा कुणाच्या खांद्यावर, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी होता. जामियाने तो मास्तरांच्या आणि त्यांच्या बायकामुलांच्या खांद्यावर ठेवला.

आणि तो खांदा किती काळ टिकणार होता?

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. दिल्ली दंगलींनी धुमसत होती. एकाच मंचावर नेहरू, आझाद, राजाजी आणि जिना, लियाकत अली. एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसलेल्या या माणसांना झाकीर हुसेन यांनी आग विझवण्याचं साकडं घातलं. टाळ्या पडल्या, आग विझली नाही. पुढच्या वर्षी करोल बागेतलं जामियाचं प्रकाशनगृह, ‘मकतबा’, जाळलं गेलं आणि सात लाखांची मालमत्ता गेली. ओखल्याचं आवार वाचलं. खुद्द झाकीर हुसेन रेल्वेने निघाले असता जालंधरला जमावाच्या तावडीत सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांना वाचवलं.

१९२८ मध्ये वीस मिळवले की १९४८ येतं. शपथेची मुदत संपली त्याच वर्षी झाकीर हुसेन अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून गेले, ज्या गावातून जामिया उठून आली होती तिथेच. मागे राहिले मुजीब. १९४८ ते १९७३, आणखी पंचवीस वर्षं त्यांनी जामिया हाकली. स्वतंत्र देशाचं सरकार आता आपलं होतं, पण अनुदान मागायचं म्हणजे नियमही घ्यायचे. वेतनश्रेणी, पात्रता, मंजूर पदं, अभ्यासक्रमाची मान्यता. १९६२ मध्ये अभिमत विद्यापीठ, १९८८ मध्ये संसदेच्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठ. पगार वेळेवर होऊ लागले. कुणाच्याही घराला आता उपास घडायला नको, यात वाईट काहीच नाही. मात्र पहिल्या पिढीच्या परंपरांना बळ होतं ते मास्तर आणि मुलं एकाच टंचाईत राहत असल्याचं. हजारोंच्या विद्यापीठात कुलगुरू फाटकाशी पॉलिश घेऊन बसले, तर सुरक्षारक्षकच त्यांना आधी उठवतील. १५ डिसेंबर २०१९ च्या संध्याकाळी, नागरिकत्व कायद्याविरोधातल्या आंदोलनादरम्यान, तर पोलीस ग्रंथालयात शिरले. त्या ग्रंथालयाला नाव झाकीर हुसेन यांचंच आहे, आणि १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदावर असताना गेलेले झाकीर हुसेन याच आवारात विसावले आहेत.

२९ ऑक्टोबरला स्थापना दिवसाचा ‘तालीमी मेळा’ अजूनही जामियाच्या पंचांगात आहे. तिथे विद्यार्थी आपापले स्टॉल मांडतात, आणि दिवस संपल्यावर गल्ला मोजायचा म्हटला की कुणाला तरी हिशेबाची वही उघडावीच लागते.