फ्रेंच नावे आणि मराठी कान

चेन्नईचा फोर्ट सेंट जॉर्ज हा इंग्रजांनी बांधलेला किल्ला. परंतु त्याचा इतिहास फ्रेंच नावांवाचून सांगता येत नाही. १७४६ मध्ये तो इंग्रजांकडून जिंकून घेणारा ला बूर्दोने, १७५८ च्या अखेरीस त्याला वेढा घालून बसलेला लाली, आणि या दोघांच्याही पुष्कळ आधी, १६७२ मध्ये, शेजारच्या सांथोमेचा ताबा घेणारा द ला ए, ही सारी मंडळी फ्रेंचांच्या बाजूची. किल्ला पाहून आपला मराठी प्रवासी समुद्रकाठच्या रस्त्याने दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटरांवरील पुदुच्चेरीस गेला, की तेथील जुन्या वस्तीत रस्त्यांच्या पाट्याच तमिळ आणि फ्रेंच अशा दोन भाषांत दिसू लागतात. तमिळ लिपी येत नाही, म्हणून तो रोमन अक्षरांकडे वळतो. ती तर शाळेपासूनची ओळखीची! आणि नेमका येथेच तो फसतो. अक्षरे ओळखीची असली, तरी येथे ती इंग्रजीच्या चाकरीत नाहीत. म्हणून 'द ला ए'चा तो 'डी ला हाये' करतो. ज्यांचे नाव किनाऱ्यावरील रस्त्याला दिले आहे त्या एदुआर गूबेर यांना 'गौबर्ट' म्हणतो. आणि पुदुच्चेरीची फ्रेंच वसाहत ज्याने उभी केली, त्या फ्रांस्वा मार्तॅंचा 'फ्रँकॉइस मार्टिन' होतो.

असे झाले म्हणजे आपण फ्रेंच लेखनपद्धतीलाच बोल लावतो. लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे, असा हा लहरी कारभार आहे, असे आपल्याला वाटते. वस्तुतः लहरीपणात इंग्रजीचा हात धरणारी भाषा क्वचितच सापडेल. फ्रेंचचे तसे नाही. उच्चार ऐकून स्पेलिंग लिहिणे तीत अवघड असेल. पण स्पेलिंग पाहून उच्चार करणे बरेच नियमबद्ध आहे, आणि प्रवाशाला गरज असते ती याच दुसऱ्या गोष्टीची.

हे नियम थोडके आहेत. शब्दाच्या शेवटी येणारे एस, टी, डी, एक्स हे वर्ण बहुधा मुके असतात. म्हणून १७३५ ते १७४१ या काळात पुदुच्चेरीचा गव्हर्नर असलेला तो 'द्युमा', 'डुमास' नव्हे. आणि गूबेर यांच्या नावातील शेवटचा टी केवळ शोभेचा. एच सर्वत्र मुका. म्हणूनच 'माहे' या गावाला फ्रेंच माणूस 'माए' म्हणतो. सी आणि एच एकत्र आले की 'श'. ओ आणि यू मिळून 'ऊ', ओ आणि आय मिळून 'वा', ए आणि आय मिळून 'ए', ए आणि यू मिळून 'ओ'. स्वरानंतर एन किंवा एम आला आणि पुढे दुसरा स्वर नसला, तर ते व्यंजन स्वतंत्रपणे न उच्चारता आधीचा स्वर नाकातून काढावयाचा. आता 'फ्रांस्वा मार्तॅं' हे नाव पुन्हा पाहावे. खाली शेपटी जोडलेल्या सीचा 'स', ओ-आयचा 'वा', शेवटचा एस मुका, आणि दोन्ही शब्दांत एकेक अनुनासिक स्वर. ज्याला हे एक नाव नीट वाचता आले, त्याला फ्रेंच वाचनाचा निम्मा पाठ आला म्हणण्यास हरकत नाही.

या कामी मराठी माणसाची पूर्वतयारी इंग्रजापेक्षा चांगली आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. इंग्रज शब्दातील एका अवयवावर जोराचा आघात करतो आणि बाकीचे अवयव गिळून टाकतो. फ्रेंच माणूस प्रत्येक अवयव जवळजवळ सारख्या वजनाने उच्चारतो, आणि आपलीही रीत साधारण तशीच आहे. फ्रेंचमधील त आणि द हे आपल्या त-द सारखे दंत्य आहेत. इंग्रजी टी आणि डी आपल्या कानाला 'ट' आणि 'ड' असे लागतात, म्हणून फ्रेंच नावांतही आपण ट आणि ड घालतो. ती इंग्रजीची छाप आहे, फ्रेंचची नव्हे. फ्रेंच क, त, प यांत हकाराची फुंकर नसते. ती फुंकर आवरताना इंग्रजाला सायास पडतात. आपल्याकडे क आणि ख, प आणि फ हे मुळातच वेगळे वर्ण आहेत. अनुनासिकासाठी तर चंद्रबिंदू आपल्या लिपीत आयताच आहे.

दोन ध्वनी मात्र शिकावे लागतात. 'द्युमा' या नावातील पहिला स्वर ना 'यु' ना 'उ'. ओठांचा 'ऊ'साठी करतो तसा चंबू करावा आणि तो न हलवता 'ई' म्हणावे, म्हणजे तो साधतो. दुसरा ध्वनी म्हणजे 'र'. तो जिभेच्या टोकाने नव्हे, तर घशात, उर्दूतील 'ग़'च्या आसपास घासून काढतात. हे दोन्ही न साधले तरी बिघडत नाही. मराठी 'र' वापरून म्हटलेले 'गूबेर' ऐकणाऱ्याला नक्की समजते. 'गौबर्ट' समजत नाही.

नियम शिकल्यावर मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. आपल्या शालेय इतिहासात 'डुप्ले' या नावाने आलेला गव्हर्नर सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या नावाच्या शेवटी एक्स आहे आणि शेवटचा एक्स मुका असतो, हा नियम ज्यांना ठाऊक होता, त्यांनी तो येथे लावला. परंतु हे नाव अपवादांपैकी आहे. फ्रेंच लोक त्यातला एक्स स्पष्ट उच्चारतात आणि 'द्युप्लेक्स' म्हणतात. पॅरिसच्या भुयारी रेल्वेवर याच नावाचे एक स्थानक आहे, तेथेही हाच उच्चार कानी पडतो. म्हणजे 'डुप्ले' या रूपात दुहेरी घोटाळा आहे: ड आला तो इंग्रजीकडून आणि एक्स गेला तो अर्धवट फ्रेंचमुळे. विशेषनामांच्या बाबतीत नियम वाट दाखवतो. अखेरचा निवाडा कानानेच करावा लागतो.

कानाची ही साक्ष आपल्या पूर्वजांनी मोठ्या विश्वासाने मानली होती. अठराव्या शतकात निजामाच्या पदरी असलेला ब्युसी नावाचा सेनानी मराठ्यांच्या परिचयाचा होता. पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी त्याच्याच तालमीत तयार झालेला. या ब्युसीला मराठी लेखकांनी 'मुसाबुसी' केले. श्रीयुत या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा उच्चार साधारण 'मस्यो' असा होतो. त्याचाच हा 'मुसा'. पुढे १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाची कवायती पलटणे चालविणारा रेमों आपल्या कागदांत 'मुसा रेमू' म्हणून येतो. नावाच्या शेवटचा डी त्यात गळाला आहे, आणि तो गळावा हेच बरोबर आहे. त्या कारकुनांना फ्रेंच येत नव्हते आणि रोमन लिपीही येत नव्हती. त्यांनी ऐकले तसे लिहिले, आणि आज 'रेमंड' लिहिणाऱ्या इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसापेक्षा ते मूळ उच्चाराच्या अधिक जवळ पोहोचले. हैदराबादेत तर याच रेमोंच्या नावावरून 'मूसारामबाग' हे वस्तीचे नाव रूढ झाले. लोकांनी त्या परक्या सरदाराला आपल्यातलाच एक राम करून टाकले.

मग प्रत्येक नाव अगदी मुळाबरहुकूमच उच्चारले पाहिजे काय? तसा अट्टाहास धरण्याचे कारण नाही. फ्रेंच माणूस 'पारी' म्हणतो म्हणून आपण 'पॅरिस' सोडण्याची गरज नाही. ते नाव आता मराठीच झाले आहे. गावांच्या नावांचा प्रवास तर मोठा मौजेचा असतो. तमिळ 'पुदुच्चेरी' म्हणजे नवी वस्ती. फ्रेंचांनी तिचे 'पोंदिशेरी' केले. त्यांचे स्पेलिंग इंग्रजांनी आपल्या पद्धतीने वाचले, तेव्हा 'श'चा 'च' झाला आणि 'पाँडिचेरी' हे नाव तयार झाले; म्हणजे चुकीच्या वाचनाने का होईना, ते मूळ तमिळ 'चेरी'पाशी परत आले! २००६ मध्ये 'पुदुच्चेरी' हेच नाव अधिकृत ठरले. ब्युसीच्या नावाच्या रस्त्याला आता लाल बहादूर शास्त्रींचे नाव आहे. तरी रिक्षावाल्याला 'बुस्सी वीदी' म्हटले की तो बरोबर तेथे नेतो. त्याच्यापुढे पॅरिसच्या उच्चाराचे प्रदर्शन करण्यात शहाणपणा नाही. त्या गल्लीपुरता त्याचाच उच्चार प्रमाण.

गावांचे असे असले, तरी माणसांच्या नावांत अशी ढिलाई चालत नाही. १८८१ च्या एका फ्रेंच हुकमान्वये पुदुच्चेरीतील ज्या हिंदी कुटुंबांनी आपला परंपरागत व्यक्तिगत कायदा सोडून फ्रेंच कायदा पत्करला, त्यांनी नवी आडनावे घेतली. त्यांतली काही फ्रेंच वळणाची आहेत. १९५४ मध्ये प्रदेशाचा कारभार भारताकडे आला, १९६२ मध्ये हस्तांतर कायद्याने पूर्ण झाले. परंतु ती आडनावे माणसांबरोबर राहिली. चेहरा तमिळ, घरची भाषा तमिळ आणि आडनाव फ्रेंच, असे गृहस्थ पुदुच्चेरीत भेटतात. त्यांच्या नावाचा शुद्ध उच्चार कोणता? फ्रेंच कोशातला नव्हे आणि आपल्या इंग्रजी शाळेतला तर नव्हेच. ते स्वतः जो करतात, तोच शुद्ध.

आपल्या पुण्याचे 'पूना' आणि ठाण्याचे 'ठाणा' झालेले आपण सोसले आहे. आपल्या आडनावांतील 'ळ'चा 'ल' झाला की आपल्या कपाळाला आठी पडते. तेव्हा नाव मोडले गेल्याचा सल आपल्याला निराळा समजावून सांगावयास नको. परक्या नावाशी गाठ पडली की डोळ्यांनी वाचण्याची घाई न करता, "आपले नाव कसे म्हणावे?" एवढे विचारावे, आणि उत्तर आले की ते देवनागरीत टिपून ठेवावे. हा प्रश्न विचारण्यात अज्ञान दिसत नाही. समोरच्या माणसाविषयीचा आदर दिसतो.