जोडीदार समुपदेशनाला तयार नसेल तर...

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की आपल्याकडे आधी मामा-काका मध्ये पडतात, मग दोन्हीकडच्यांची बैठक बसते. वडीलधाऱ्यांचा मान राखून दोघेही मान डोलावतात आणि घरी परतल्यावर भांडण जिथे थांबले होते तिथूनच पुढे चालू होते. अशा वेळी वैवाहिक समुपदेशकाकडे जावे असे दोघांपैकी एकाला वाटते. दुसरा मात्र ऐकत नाही.

या नकाराला कारण आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयात समुपदेशकांची तरतूद झाली. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पोलीस यंत्रणेतच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. दोन्ही कामे मोलाची. परंतु त्यामुळे ‘समुपदेशन’ हा शब्द सामान्य माणसाच्या कानावर आला तो कोर्ट आणि पोलिसांच्या सोबतीने. साहजिकच ‘समुपदेशकाकडे चला’ म्हटले की नवऱ्याला घटस्फोटाची नोटीसच दिसते. शिवाय, आत गेल्यावर सगळा दोष आपल्याच पदरात पडेल ही धास्ती असतेच.

म्हणून तिथे काय घडते ते आधी सांगावे. बैठक साधारण पाऊण ते एक तासाची असते. समुपदेशक हा पंच नव्हे. तो निवाडा देत नाही. एकाचे बोलणे पुरे होईपर्यंत तो दुसऱ्याला थांबवतो आणि जे ऐकले ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावतो. हे फार सोपे वाटते. घरी पाच मिनिटे करून पाहावे म्हणजे कळेल! बोललेले बाहेर जाऊ न देणे हा या व्यवसायाचा दंडक आहे. मात्र एकट्याने सांगितलेले जोडीदाराला कळवणार का, याची रीत प्रत्येकाची वेगळी असते. ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. फीसुद्धा आधीच विचारावी. आम्हा बँकवाल्यांना तेवढे तरी सुचते.

विषय काढायचा तो भांडणाच्या भरात नाही, पाहुण्यांसमोर नाही. ‘तुम्हालाच उपचारांची गरज आहे’ हे वाक्य तर दार कायमचे बंद करते. त्याऐवजी, “अहो, मुलांच्या अभ्यासावरून आपलं रोज वाजतं, मला त्यातून मार्ग सापडत नाही. माझ्यासाठी तीनदा चला. नाही पटलं तर पुन्हा म्हणणार नाही,” असे म्हणून पाहावे. यात आरोप नाही आणि मुदत ठरलेली आहे. समुपदेशक पुरुष असावा की स्त्री, बोलणे मराठीत व्हावे का, वेळ कोणती, हे त्यांनाच ठरवू द्यावे. ज्याने माणूस निवडला तो सहसा जातो. घटस्फोटाची धमकी देऊन आणलेला माणूस खुर्चीवर बसतो, पण बोलत नाही.

तरीही नकार आला तर एकट्याने जावे. भांडणात एकाचे उत्तर बदलले की दुसऱ्याचे प्रत्युत्तरही पूर्वीसारखे राहत नाही. पुष्कळदा काही आठवड्यांनी घरूनच प्रश्न येतो, “तिथे माझ्याबद्दल काय सांगतेस?” ही आमंत्रणाची योग्य वेळ.

मात्र घरात मारहाण किंवा दहशत असेल तर वरील काहीही लागू नाही. तिथे जोडीने बसणे धोक्याचे, कारण आत बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते. अशा भगिनींनी आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्यांकडे जावे.