हे कुठले डॉक्टर?

दोस्तांनो, पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एखाद्या घरात कोण कोण राहत होतं, ते आज कळेल? अगदी कळेल! फक्त जुनी शिरगणती वाचता यायला हवी.

इंग्लंडमध्ये 1801 पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होऊ लागली. देशभर सगळ्यांची नावं लिहायला सुरुवात झाली ती मात्र 1841 मध्ये. त्या वर्षी पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत उतरवायची होती. म्हणजे 39 वर्षांचे वकीलसाहेब कागदावर 35 चे! 1851 मध्ये नेमकं वय, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव यांचे रकाने आले. प्रगणक घरोघरी कोरे तक्ते वाटायचा. ठरलेल्या रात्री घरात मुक्कामाला असेल त्याचं नाव त्यात लिहायचं. मग तक्ते गोळा करून तो ते आपल्या वहीत उतरवायचा.

आता उघडूया 30 मार्च 1851 चं पान. सोहो भाग, डीन स्ट्रीट, घर क्रमांक 28. नोंद आहे ‘चार्ल्स मार्क, डॉक्टर (तत्त्वज्ञ लेखक)’. ओळखलंत? अहो, हे तर जगप्रसिद्ध विचारवंत कार्ल मार्क्स! कार्लचा चार्ल्स झाला आणि ‘मार्क्स’मधला ‘स’ गळाला. बरं, हे डॉक्टर औषधं देणारे नव्हेत. त्यांची डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली!

म्हणून एका रकान्यावर भिस्त ठेवायची नाही. 1859 पासून इंग्लंडमध्ये वैद्यकीय डॉक्टरांची अधिकृत यादी छापली जाऊ लागली. त्यानंतरच्या शिरगणतीत कुणी ‘डॉक्टर’ दिसला, की त्याचं नाव या यादीत शोधायचं.

सगळ्यात बोलका रकाना जन्मगावाचा. मार्क्स यांची थोरली मुलगी जेनी 1844 मध्ये पॅरिसला जन्मली, तिच्या पाठची लॉरा 1845 मध्ये ब्रुसेल्सला. म्हणजे मधल्या काळात बिऱ्हाड हललं! खरंच, 1845 च्या सुरुवातीला मार्क्स यांना फ्रान्समधून हाकललं होतं. मुलांची वयं आणि जन्मगावं शेजारी-शेजारी मांडली, की वडिलांची भटकंती अशी उलगडते. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या इंग्रज घरांत तर मुलांचं जन्मगाव कधी कधी चक्क मुंबई सापडतं!

चला, आज आपल्या घराचा तक्ता करा. नाव, वय, नातं, व्यवसाय, जन्मगाव असे पाच रकाने आखा, आजी-आजोबांना विचारून भरा आणि वर तारीख घालायला विसरू नका.