मोटारीतील पट्टा : कोणी बसवायचा, कोणी बांधायचा?

भरधाव मोटार एखाद्या झाडावर आदळली, तर ती जागच्या जागी थांबते. आत बसलेला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे फेकला जातो. शाळेत शिकलेल्या जडत्वाच्या या नियमाला आवर घालणारे साधे साधन म्हणजे खांद्यावरून व कमरेवरून जाणारा पट्टा. व्होल्वो कंपनीतील अभियंते नील्स बोलिन यांनी तो १९५९ मध्ये तयार केला.

परंतु साधन निघाले म्हणजे ते वापरले जातेच असे नाही. या दृष्टीने अमेरिकेचा अनुभव बोधप्रद आहे.

तेथे प्रारंभी मोटारीतील साधनांविषयी राज्येच कायदे करीत. १९६१ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने नव्या मोटारींच्या पुढील आसनांना पट्टे सक्तीचे केले. पण प्रत्येक राज्याचा नियम निराळा झाला, तर कारखानदाराने मोटार कोणत्या नियमाने बांधावी? शिवाय १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने मोटारींच्या सदोष रचनेकडे देशाचे लक्ष वेधले. अखेर १९६६ मध्ये केंद्रीय कायदा झाला. मोटारीत किमान कोणती सुरक्षा-साधने हवीत हे केंद्र ठरवू लागले आणि ज्या बाबीत केंद्राचे मानक आहे, तेथे राज्याला वेगळे मानक लावता येईना. १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले.

मात्र पट्टा बांधायला लावणे हे काम राज्यांकडेच राहिले. १९७४ च्या नमुन्याच्या मोटारींत पुढचा पट्टा बांधल्यावाचून इंजिन सुरूच होऊ नये अशी योजना होती. लोक एवढे संतापले की त्याच वर्षी तेथील संसदेने अशा सक्तीला मनाई केली. प्रौढांना पट्टा बांधण्याची सक्ती करणारा पहिला राज्य-कायदा न्यूयॉर्कने केला तो १९८४ मध्ये, म्हणजे पट्टे सक्तीने बसवल्यानंतर सोळा वर्षांनी! न्यू हॅम्पशायरमध्ये प्रौढांवर अशी सक्ती आजही नाही.

पुढील आसनावरील माणसाचा मृत्यूचा धोका पट्ट्याने सुमारे ४५ टक्क्यांनी घटतो, असा तेथील शासकीय अंदाज आहे. तरीही मोटार-अपघातांत दगावणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी पट्टा बांधलेला नसतो. तो पट्टा त्यांच्या शेजारीच लोंबत असतो. केंद्राने तो मोटारीत आणला, राज्याने दंडाचा धाक घातला. शेवटची एक वीत मात्र ज्याने त्याने स्वतःच्या हाताने ओढायची असते.