संसार मोडला, हप्ता राहिला

परस्परसंमतीने संसार मोडायला किती दिवस लागतात? अर्ज दिल्यावर सहसा सहा महिने. योग्य कारण असेल तर न्यायालय तेही माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. पण घरावरचे कर्ज? ते असे सहा महिन्यांत सोडत नाही. वाचकहो, हा धडा मी स्वतःच्या पाटल्या मोडून शिकले आहे.

मी पुण्यातली एक शाळामास्तरीण. २०१५ साली आम्ही दोघांनी मिळून दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. खरेदीखतावर दोघांची नावे, कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या. कर्ज ३६ लाखांचे, मुदत २० वर्षांची, व्याज साडेनऊ टक्के, हप्ता ३३ हजार ५५६ रुपये. सह्या करताना आम्ही पेढे वाटले होते!

२०२२ साली आम्ही वेगळे झालो. भांडण नाही, तंटा नाही. तडजोडीत ठरले की घर माझे आणि मुलाचे, हप्ते त्यांनी भरायचे. न्यायालयाचा शिक्का बसला आणि मी निर्धास्त झाले.

दोन हप्ते चुकल्यावर बँकेचे पत्र आले. माझ्या नावावर! आमच्या ‘ह्यां’ची (आता ‘हे’ कसले म्हणायचे!) नोकरी सुटली होती. मी हुकूमनामा घेऊन तडक बँकेत गेले. मॅनेजरांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “बाई, घटस्फोट तुमचा दोघांचा झाला. बँकेशी कुठे झालाय?”

राग आला; पण म्हणणे खरे होते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, दोघांनी मिळून दिलेले वचन सावकार त्यांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण करून घेऊ शकतो. ज्याने भरले त्याने मग दुसऱ्याकडे मागत बसावे. आमच्या तडजोडीत बँक नव्हतीच, मग ती तिला कशी बांधणार? हप्ता ९० दिवसांवर थकला की खाते बुडीताकडे झुकलेले धरतात. मग ६० दिवसांची नोटीस आणि पुढे घराचा ताबा. शिवाय पत दोघांचीही जाते.

पाटल्या मोडून मी थकबाकी भरली. मग मॅनेजरांनी हिशेब मांडला. सात वर्षांत आम्ही २८ लाखांवर भरले होते आणि मुद्दल घटले होते अवघे ६ लाख! सुरुवातीची वर्षे व्याजच खाते.

“त्यांचे नाव काढून कर्ज माझ्या एकटीच्या नावावर करा,” मी म्हटले. माझा पगार ५० हजार. त्यातले ३३ हजार हप्त्यात गेल्यावर आम्ही खायचे काय? बँक नाही म्हणाली. आणि घर तरी पुरते माझे कुठे होते? हक्कसोडपत्र नोंदवायचे राहूनच गेले होते. नोंदणीवाचून स्थावराचा हक्क सुटत नाही.

शेवटी वकीलबाईंच्या सल्ल्याने दोघांनी मिळून घर विकले. ५८ लाख आले, ३० बँकेला गेले, उरलेले वाटून घेतले. खरेदीखतावर सही करताना त्यांचाही हात थरथरला. कोणा एकाची चूक नव्हती. चूक होती ती न विचारण्याची.

म्हणून ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांना सांगते. दुसऱ्या तारखेपूर्वी बँकेकडून शिल्लक कर्जाचा आकडा लेखी घ्या. एकाचे नाव काढायला बँक तयार आहे का, ते विचारा. तयार नसेल तर दुसऱ्या बँकेकडे कर्ज नेता येते का पाहा. नाहीतर विकण्याची हिंमत करा. आणि तोवर हप्ता कोण, कुठल्या खात्यातून भरणार, ते तारखेसकट लिहून ठेवा.

आता आम्ही मायलेक भाड्याच्या एका खोलीत राहतो. परवा मुलाने आकाशकंदील टांगला आणि विचारले, “आई, हे घर आपले आहे का?”

“नाही रे,” मी म्हटले, “पण ह्या घरावर कोणाचे कर्ज नाही.”